किडनी बेल्टचा प्रश्न: कासारवडवली ते महापे, एका रायडरचं प्रकरण

रायडर ३८ वर्षांचा, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. घर ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत, नोकरी नवी मुंबईत महापे एमआयडीसीत. जाऊन-येऊन रोजचे साधारण ४५ किलोमीटर. गाडी १५० सीसीची, पाच वर्षं जुनी, ४१,००० किलोमीटर झालेली. पावसाळा संपता संपता कंबर दुखायला लागली, उजव्या बाजूला जास्त. ओळखीतल्या रायडर मंडळींनी निदान करून टाकलं: "खड्ड्यांनी किडनीला मार बसतोय, किडनी बेल्ट घे." त्याने रुंद इलॅस्टिकचा, पुढे वेल्क्रो असलेला पट्टा घेतला. पहिला आठवडा बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुखणं होतं तिथेच आलं, ऑक्टोबरच्या उकाड्यात पट्ट्याखाली लाल पुरळ उठलं आणि उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर वाटायला लागली.

त्याचा प्रश्न सरळ होता: हा पट्टा हलक्या प्रतीचा निघाला का, आणि याहून चांगला कोणता घ्यावा?

उत्तर असं की रोजच्या या रस्त्यासाठी त्याला कुठल्याच प्रतीच्या पट्ट्याची गरज नव्हती. किडनीला धोका मात्र खरोखरच होता, पण तो खड्ड्यांतून येत नव्हता.

दुखतंय नेमकं कुठे

"किडनी दुखते" म्हणणाऱ्या माणसाला आधी हात लावून जागा दाखवायला सांगावं. दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, बोटं पुढे, अंगठे मागे. हाताखाली लागतात ती नितंबाच्या हाडांची वरची टोकं. मागे दोन्ही अंगठे जिथे एका रेषेत येतात, तिथे कण्याचा चौथा कटिमणका असतो. किडनी या रेषेच्या वर असते. बाराव्या पाठमणक्यापासून तिसऱ्या कटिमणक्यापर्यंत तिची जागा, वरचा भाग अकराव्या-बाराव्या बरगडीच्या आड. यकृतामुळे उजवी किडनी डावीपेक्षा थोडी खाली असते. या रायडरचं बोट अंगठ्यांच्या रेषेवर, किंबहुना जरा खाली, कण्याच्या उजवीकडे टेकत होतं. तिथे स्नायू आहेत, मणक्यांचे सांधे आहेत, चकती आहे. किडनी नाही.

जागेइतकाच दुखण्याचा स्वभाव महत्त्वाचा. याचं दुखणं गाडीवर चाळीस मिनिटं झाली की सुरू व्हायचं, खाली वाकल्यावर वाढायचं, दहा मिनिटं चाललं की उतरायचं. हे यांत्रिक कंबरदुखीचं लक्षण आहे. मुतखड्याची कळ अशी नसते. ती लाटांसारखी येते, बरगडीखालून जांघेकडे उतरते, माणसाला एका जागी बसू देत नाही आणि कुशी बदलली म्हणून थांबत नाही. किडनीला जंतुसंसर्ग झाला असेल तर थंडी वाजून ताप येतो, लघवीला जळजळ होते, बरगडीखाली नुसतं चापटलं तरी दुखतं. लघवीत रक्त दिसलं तर पट्टा, गाडी, रस्ता हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणखी एक चित्र रायडरला माहीत असायलाच हवं: दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, पाय लुळा पडणं. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण आहे. तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही.

दुखणं उजवीकडे आणि दिवसभरात पाणी पिणं कमी, हे दोन्ही एकत्र होतं, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लघवीची साधी तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची गाळणी मंदावली की रक्तात वाढणारं द्रव्य) आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतली. तिन्ही ठीक निघाले. उजवीकडेच जास्त का, याचा उलगडा पँटच्या मागच्या खिशात झाला. कार्डं, पावत्या, सुटे पैसे भरून बोटभर जाड झालेलं पाकीट, रोज दीड-दोन तास उजव्या नितंबाखाली. तेवढ्याने ओटीपोटाचं हाड एका बाजूला उचललं जातं आणि कणा तेवढा वेळ तिरका बसतो.

गोळ्यांचा हिशोब

या प्रकरणात सगळ्यात काळजीची गोष्ट गाडीशी जोडलेलीच नव्हती. रायडरला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती, टेल्मिसार्टन. कंबर दुखायला लागल्यापासून तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घेत होता, आठवड्यातून चार-पाच दिवस. सकाळी साडेसातला निघायचं, वाटेत लघवी लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. कामावर पोचल्यावर चहा, जेवताना एक ग्लास पाणी, संध्याकाळी पुन्हा तेच. लघवीचा रंग दुपारपर्यंत गडद पिवळा.

या तीन गोष्टी एकत्र आल्या की किडनीत काय होतं ते नीट समजून घ्यावं. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या मदतीने रुंद ठेवते, म्हणजे गाळण्याचा दाब टिकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामकं नेमकी तीच द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी किडनीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. येणारा प्रवाह आवळलेला, जाणारा मोकळा, आणि मुळात रक्ताचं पाणीच कमी. गाळणीवरचा दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढायला लागतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. किडनीच्या डॉक्टरांना हे त्रिकूट चांगलं परिचयाचं आहे.

याचं क्रिएटिनिन अजून ठीक होतं, कारण वेळेत पकडलं गेलं. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद केलं, अगदीच लागलं तर पॅरासिटामॉल, तेही त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवली, कारण वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह हीच किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. "किडनीवर परिणाम होतो" म्हणून ही गोळी मनाने बंद करणं हा उलटा उद्योग आहे.

पाण्याची घडी अशी बसवली: उठल्यावर दोन ग्लास आणि निघण्याआधी लघवी. पोचल्यावर लगेच एक ग्लास. टेबलावर एक लिटरची बाटली, ती जेवणापर्यंत एकदा आणि सुटायच्या तासभर आधीपर्यंत दुसऱ्यांदा रिकामी. घरी आल्यावर उरलेलं. दिवसाला अडीच-तीन लिटर होतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत हेल्मेट-जॅकेट घालून फिरणाऱ्याला ते जास्त नाही. वाटेत गरज पडली तर ठाणे-बेलापूर रोडला पेट्रोल पंप आहेत, तिथलं स्वच्छतागृह वापरावं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आधीपासून आहे त्यांनी मात्र पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

मग पट्टा काय करतो

रुंद पट्टा पोटाभोवती आवळला की पोटातला दाब थोडा वाढतो, कमरेला आधार वाटतो, ऊब मिळते, आणि पोक काढून बसलं की कड टोचते म्हणून माणूस सरळ बसतो. पहिल्या आठवड्यात याला बरं वाटलं ते यामुळे. त्यात खोटं काही नाही. पण तो परिणाम टिकत नाही. इलॅस्टिक सैल पडतं, टोचण्याची सवय होते, बसल्यावर पट्टा सरकून बरगड्यांखाली जातो.

निरोगी माणसाची किडनी धक्क्यांनी जागची हलते, लोंबते किंवा झिजते याला वैद्यकीय आधार नाही. ती चरबीच्या जाड थरात, मजबूत आवरणात, पाठीच्या स्नायूंना टेकून बसलेली असते. नुसत्या श्वासागणिक ती दोन-तीन सेंटिमीटर खालीवर होतच असते. इलॅस्टिकच्या पट्ट्याने तिला आवळून धरायची गरज नाही आणि ते शक्यही नाही.

ही समजूत आली कुठून, ते गाड्यांच्या इतिहासात सापडतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक मोटारसायकलींना मागे शॉकअप नव्हते, चाक थेट चासीला जोडलेलं आणि सीटखाली दोन स्प्रिंगा. त्या काळचे रायडर चामड्याचे रुंद पट्टे बांधत. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागचं सस्पेन्शन आलं ते १९५८ च्या ड्युओ-ग्लाइडपासून. आपल्याकडे मद्रासला १९५५ पासून बुलेट जुळायला लागली, तेव्हा तिला स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) आणि मागचे शॉकअप होतेच. पट्ट्याची सवय मागे राहिली, त्याचं कारण गाडीतून केव्हाच निघून गेलं. युरोपात तो अजून विकला जातो त्याचं मोठं कारण थंडी: जॅकेट आणि पँटच्या फटीतून शिरणारं वारं अडवायला तो खरोखर चांगला आहे.

कंबरेच्या पट्ट्यांची तपासणी सगळ्यात जास्त झाली ती ओझी उचलणाऱ्या कामगारांवर. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नायॉशने, १९९४ मध्ये स्पष्ट केलं की ज्यांना आधी दुखापत नाही अशांची कंबर पट्ट्याने वाचते असा पुरेसा पुरावा नाही. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला. पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. रायडर माल उचलत नाही हे खरं, पण पट्ट्याकडून त्याची अपेक्षा तीच असते.

पुरळ आणि बधिरपणा हे दोन्ही पट्ट्याचेच. निओप्रीन किंवा दाट इलॅस्टिकखाली घाम अडकतो, आणि रोज न धुतलेल्या पट्ट्याने घामोळं किंवा नायटा व्हायला वेळ लागत नाही. मांडीची बाहेरची बाजू बधिर होते कारण तिकडे जाणारी त्वचेची नस नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते, आणि खाली सरकलेल्या घट्ट पट्ट्याची कड बरोबर तिथे दाबते. पट्टा काढल्यावर दोन आठवड्यांत बधिरपणा गेला. नसता गेला तर तपासणी करावी लागली असती.

धक्का जिथून येतो

बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त दाद देतं, आणि ओबडधोबड रस्त्यावर सीटमधून येणारी कंपनं बरीचशी याच पट्ट्यात पडतात. सततच्या अशा कंपनांचा संबंध कंबरदुखीशी आहे, म्हणून युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात वाहनांवर काम करणाऱ्यांसाठी आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला कारवाईची पातळी धरली आहे. पण या रस्त्यावर कंपनांपेक्षा वाईट आहेत ते एकेकटे तडाखे: घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या पट्ट्यातल्या असमान कडा, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचे खड्डे, ठाणे-बेलापूर रोडच्या काँक्रीटचे सांधे. असा तडाखा कमरेपर्यंत पोचतो की नाही, हे टायर आणि शॉकअप ठरवतात.

टायर आधी. मागच्या टायरमध्ये हवा निघाली ४० पीएसआय, पुढे ३५. पंपावर "किती टाकू" विचारलं की बरेच जण "पस्तीस-चाळीस" म्हणून मोकळे होतात. या वर्गातल्या गाड्यांना एकट्या रायडरसाठी साधारण पुढे २५ आणि मागे २८ ते ३० लागते, नेमका आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग, ती दगड करून ठेवली तर प्रत्येक खडा थेट वर चढतो. हवा सकाळी, गाडी गार असताना तपासायची. चालून गरम झालेला टायर दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो.

मग मागचे शॉकअप. इथे मोजपट्टी लावल्याशिवाय बोलू नये. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या पॅनलवर टेपची खूण आणि अंतर मोजलं: ४१२ मिलिमीटर. मग गाडी जमिनीवर, रायडर हेल्मेट-जॅकेट-बॅगेसह नेहमीसारखा बसलेला, पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून हँडल धरलेलं. मागून गाडी एकदा हलकेच दाबून सोडली, एकदा हलकेच उचलून सोडली, दोन्ही वेळा अंतर घेऊन सरासरी काढली: ३६०. म्हणजे बसल्याबरोबर ५२ मिलिमीटर खाली. चाकाची एकूण चाल १०० च्या आसपास असेल तर अर्धी इथेच संपली. नुसतं बसल्यावर तिच्यातली २५ ते ३५ टक्केच खर्च व्हावी. उरलेल्या चालीत विटाव्याचा खड्डा मावत नाही. शॉकअप आतल्या रबराच्या ठोकळ्यावर आपटतो, आणि तो ठोका सीटमधून कण्यात जातो. इतका खालपर्यंत बसलेला रायडर कितीही चांगला पट्टा बांधो, तो ठोका पट्ट्याला अडवता येत नाही, कारण तो पट्ट्याच्या खालून येतो.

प्रीलोडची कॅम, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी कडी, पाचातल्या दुसऱ्या खाचेवर होती, गाडी घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही. गाडीच्या टूलकिटमधल्या हुकासारख्या पान्याने ती फिरवायची, दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर. चौथ्या खाचेवर रायडर बसल्यावर गाडी ५२ ऐवजी ३८ मिलिमीटरच खाली गेली. हव्या त्या मर्यादेच्या किंचित वर, पण पाचव्या खाचेवर न गेलेलं बरं वाटलं, कारण एकटा फिरताना मागचं चाक छोट्या उंचवट्यांवर उडायला लागतं. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. ती गाडीला चालीत वर आणून ठेवते, म्हणजे खाली जायला जागा उरते.

खाच बदलूनही गाडी मागे दाबून सोडल्यावर दोन-तीनदा झुलत होती. चांगला शॉकअप एकदा वर येऊन थांबतो. डाव्याच्या दांडीवर तेलाचा ओघळ, त्यावर चिकटलेली धूळ. मेकॅनिक म्हणाला ते बरोबर होतं: "साहेब, डावा गेलाय. पण बदलायचे तर जोडीने." एक नवा, एक जुना ठेवला तर दोन्ही बाजूंचं दमन, म्हणजे झोके थांबवण्याची ताकद, वेगळं पडतं आणि स्विंगआर्मला पीळ बसतो. जोडी बदलली, स्विंगआर्मचे बुश बघितले, ते ठीक होते. पुढच्या फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपमधलं ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं. काढलं तेव्हा काळं आणि पाण्यासारखं पातळ. दोन्ही पायांत गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं माप मोजून भरलं आणि सोबत ऑइल सील बदलले. अंदाजे भरलेलं फोर्क ऑइल जास्त झालं तर फोर्क शेवटी ताठ होतो, कमी झालं तर ब्रेक मारल्यावर खाली आपटतो.

बदल एकदम केले नाहीत. पहिल्या आठवड्यात पट्टा बंद, पाकीट पुढच्या खिशात, आणि लॅपटॉप-डबा भरलेली सात किलोची बॅग पाठीवरून उतरवून मागच्या सीटवर दोन बंजींनी बांधलेली. दुसऱ्यात टायरची हवा. तिसऱ्यात प्रीलोड, चौथ्यात शॉकअप आणि फोर्क. पाकीट-बॅगेने उजवीकडचा खेच लक्षणीय कमी झाला. हवेने हातांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या, कंबरेला फार फरक नाही. मोठा फरक शॉकअप बदलल्यावर पडला. सहाव्या आठवड्यात महापेपर्यंत न दुखता पोचायला लागला, संध्याकाळी कोंडीत तासापेक्षा जास्त गेला तर थोडं जाणवायचं. त्यावर रोज दहा मिनिटं कमरेचे व्यायाम आहेत: कुशीवरचा प्लँक, हात-गुडघ्यांवर येऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय ताणणं, आणि पाठ सरळ ठेवून नितंबातून वाकायचा सराव. रोज बांधलेला पट्टा आणि न वापरलेले स्नायू यांत स्नायूंकडेच लक्ष द्यावं, हे आमचं स्पष्ट मत आहे.

विटाव्यासारख्या ठिकाणी वेग आधीच २० पर्यंत आणायचा, ब्रेक खड्ड्याच्या आत धरून ठेवायचा नाही. गुडघ्यांनी टाकी धरून वजन फूटरेस्टवर घ्यायचं आणि नितंब सीटवरून चार बोटं उचलायचे. पूर्ण उभं राहायची गरज नाही. एवढ्यानेच तडाखा कण्याऐवजी गुडघे-घोट्यांत जातो.

पडलो तर?

त्याचा शेवटचा मुद्दा रास्त होता: अपघातात तरी पट्टा किडनी वाचवेल ना? बोथट मार लागून मूत्रसंस्थेतला सर्वांत जास्त वेळा जखमी होणारा अवयव किडनीच आहे, आणि मोटारसायकलचे अपघात त्याचं एक कारण. पण इलॅस्टिक तो मार शोषत नाही. त्यासाठी ईएन १६२१-२ हे युरोपीय मानक असलेला पाठीचा प्रोटेक्टर लागतो. ५० ज्यूलच्या आघातात पहिल्या पातळीच्या प्रोटेक्टरमधून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बळ पलीकडे जाऊ शकतं, दुसऱ्या पातळीत ९ पर्यंतच. लेबलवर एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे मधली पाठ, एलबी म्हणजे फक्त कंबर. काही पट्ट्यांत एलबी प्रमाणित पॅड असतो, तो पट्टा वेगळा. लेबलवर मानकाचा आकडा नसेल तर तो सुरक्षेचा नाही, उबेचा पट्टा समजावा. पडल्यावर कुशीत दुखत असेल तर बाहेरून खरचटलेलं नसलं तरी लघवीची तपासणी करून घ्यायची. कायद्याने सक्ती हेल्मेटची आहे, पट्ट्याची नाही. पैसे मोजके असतील तर आयएसआय मार्कचं नीट बसणारं हेल्मेट, मग प्रोटेक्टर आणि शॉकअप, हाच क्रम.

घेतलेला पट्टा त्याने टाकला नाही. जानेवारीत पहाटे मुरबाडमार्गे माळशेजला जायचा बेत आहे, आणि तिथल्या गारठ्यात तो कामाचा आहे. त्यासाठी एवढं पाळायचं: मोजमाप बेंबीच्या रेषेवर, बसलेल्या स्थितीत घ्यायचं, उभं राहून नाही. पट्टा सुती बनियनवर बांधायचा, उघड्या अंगावर नाही. खालची कड नितंबाच्या हाडाच्या वर राहिली पाहिजे, आणि बसून पूर्ण श्वास घेताना दोन बोटं आत गेली पाहिजेत. थांब्यावर उतरलं की वेल्क्रो सोडायचा, ऊन चढल्यावर पट्टा बॅगेत. घरी आल्यावर साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत सुकवायचा. मशीनमध्ये आणि उन्हात इलॅस्टिक लवकर मरतं.